नातीची जपानी

आमचं मांजरी बुद्रुक 2021 साली महापालिकेत गेलं आणि आम्ही कागदावर पुणेकर झालो. तीन बाजूंनी इमारती उठल्या, पण मधे आमची मेथी-कोथिंबीर अजून आहे. त्या मेथीच्या पैशातून सध्या घरात जपानी शिकणं चाललंय.

शिकते माझी नात. सकाळी कॉलेज आणि दुपारी हडपसरला बस बदलून फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट. विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग तिथं आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, ज्याला जी पाहिजे ती शिकावी.

धाकट्या मुलाला हे पटत नाही. "आप्पा, मोबाईलपुढं मराठीत बोललं की तोच जपानीत सांगतो. फी कशापायी भरायची?" पोरगं खोटं बोलत नाही. मी स्वतः बघितलंय, मोबाईल बोलतो.

पण मला बैलबाजार आठवतो. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडील बैल विकायला उभे होते. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत होते. मधेच एखादा शब्द टाकायचे, तोही त्यांच्या त्यांच्यातला. बैल आमचा, दाव्याला हात वडिलांचा, आणि आपल्या बैलाचं काय चाललंय ते वडिलांनाच कळेना. शेवटी हातात पडले ते पैसे घेऊन आम्ही निघालो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "बोटं वाचता आली पाहिजे होती." मोबाईल काय, जो त्याच्यापुढं बोलतो त्याचं सांगेल. दोघं आपसात कुजबुजतात, ते कानानंच धरावं लागतं.

आज चाकण-रांजणगावच्या बाजूला जर्मन, कोरियन, जपानी कंपन्या आहेत. जमिनी शेतकऱ्यांच्याच होत्या. त्या शेतकऱ्याचं पोरगं आत मशीनवर उभं असतं आणि साहेब लोक त्याच्यासमोर त्यांच्या भाषेत बोलतात. त्यातलं निम्मं जरी त्याला कळलं, तरी त्याचं उभं राहणं बदलेल. सरकारलाही हे उमगलेलं दिसतंय. 2024 साली महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, इथली कुशल पोरं तिकडं पाठवायचा. त्यासाठी आधी त्यांना जर्मन शिकवायचं. नुसत्या मोबाईलवर भागत असतं तर हा खटाटोप कुणी केला असता?

आणि हे खूळ आजचं नाही. आमच्या मांजरी स्टेशनातून दौंडकडं जाणाऱ्या गाडीनं केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. बाईंना संस्कृत बापाच्या घरापासून येत होतं. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, पुढं अमेरिकाही बघितली. नंतर केडगावात बसून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण बायबल मराठीत आणायचं ते मुळातून, इंग्रजीच्या ओंजळीनं नाही. मिशनातल्या मुलीबायांनी तिथल्याच छापखान्यात ते छापलं. 1924 साली पूर्ण झालं. बाई 1922 सालीच गेल्या होत्या. धर्माचं ज्याचं त्याच्यापाशी, पण दौंड तालुक्यातल्या माळावर हिब्रूचा अभ्यास चालायचा, हे मला फार मोठं वाटतं. मग मांजरीत जपानीचा का चालू नये?

नात म्हणते, आप्पा, इंग्रजीपेक्षा ही आपल्या जवळची आहे. "वाताशी वा गोहान ओ ताबेमाशिता", म्हणजे मी भात खाल्ला. खाल्ला शेवटीच. प्रत्यय आपल्यासारखे शब्दाच्या मागं. थोरल्या भावाला आनी, धाकट्याला ओतोतो. इंग्रजीसारखं दोघांना एकाच दावणीला बांधत नाहीत. आपण लहानाला 'ये' आणि मोठ्याला 'या' म्हणतो, तशी त्यांचीही बोलायची तऱ्हा माणूस बघून बदलते. अवघड आहे ते लिहिणं. दोन लिप्या, एकेकीत 46 मूळ अक्षरं, आणि वर कांजी नावाची चित्राक्षरं. रोजच्या वापराची म्हणून तिथल्या सरकारनं ठरवलेलीच 2136. पोरगी रात्री अकरापर्यंत वही भरत बसते.

आमच्या मंडळींची काळजी वेगळी. "शिकली की जाणार ती तिकडं. लग्न करून गेली तर दिवाळीला तरी येईल." यावर माझ्याजवळ उत्तर नाही. जाईलही. दीड एकर रानात तिला धरून ठेवण्यासारखं काही मला दिसत नाही, आणि ती नसेल तेव्हा हे घर कसं लागेल तेही मनात येतं. पण फी मी भरली. पुढचीही भरणार.

परवा तिनं मला एक अक्षर काढून दाखवलं. चौकोन, आत उभी एक रेघ, आडवी एक रेघ. म्हणाली, "ओळखा." मी म्हटलं, "चार वाफे, मधे बांध." ती हसली. अक्षराचा अर्थ भाताचं शेत, आणि ते वाचायचं 'ता'. मग त्याच्याखाली तिनं ताकदीचं अक्षर जोडलं आणि म्हणाली, "हे झालं पुरुष."

मंडळी शेजारी मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर करून विचारलं, "आन् त्या शेतात खुरपाय कोण येतं म्हणावं?"

नातीनं वहीत ते लिहून घेतलं. बाईंना विचारते म्हणाली.