धर्मश्रवण : कोणाचे व कशासाठी

धर्मोपदेश ऐकावयास जावे की न जावे, आणि जावे तर कोणाच्या, हा प्रश्न वडील मंडळींचा आहे, असे विद्यार्थिवर्गास वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे. परंतु आम्ही नवव्या इयत्तेत असताना हा प्रश्न एके दिवशी आमच्याच दाराशी येऊन उभा राहिला. त्या गोष्टीस आता पुष्कळ वर्षे झाली. तथापि तिच्यातून आम्हांस जे मिळाले ते बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर नवगावनजीक गलबत फुटून उतरले, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी आमच्यातील परंपरागत कथा आहे. ते गावोगाव तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ग्रंथ नाहीत, गुरू नाहीत, अशा स्थितीत शब्बाथ, सुंता व ‘शेमा’ ही प्रार्थना एवढी शिदोरी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविली. पुढे जे काही शिकावयाचे ते बाहेरून आलेल्या शिक्षकांकडूनच शिकावे लागले. पहिले शिक्षक दावीद राहाबी, अशी आठवण समाजात आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून धर्मशिक्षक आले. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी आमच्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण छापिले. मिशनऱ्यांचा हेतू निराळा होता, हे कोणापासून लपलेले नव्हते; परंतु त्यांनी मूळ ग्रंथ वाचण्याची किल्ली हाती दिली, आणि ती किल्ली घेऊन आमचे लोक आपल्याच घरात शिरले! जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी पुढे हिब्रू प्रार्थना मराठीत आणिल्या. १८८० च्या सुमारास तर मोशे, योसेफ, अब्राहाम यांची आख्याने हरिदासी पद्धतीने, झांजा व पेटीच्या साथीवर, मराठीतून रंगू लागली. सारांश, कोणाचे ऐकावे हा प्रश्न आमच्या समाजास नवा नव्हता. नवा होता तो आम्हांस.

आमच्या सिनेगॉगात एक वृद्ध हझान होते. दर रविवारी सायंकाळी पाच वाजता ते तोराच्या त्या आठवड्याच्या अध्यायाचे विवरण मराठीत करीत. आवाज बसलेला, मध्येच खोकला, समोर दहाबारा म्हातारी माणसे. आमच्या आजीची दृष्टी मंद झाली होती. तिला वाचता येत नसे, म्हणून हे श्रवण हाच तिचा ग्रंथ होता. तिला हात धरून तेथे नेणे हे काम आमच्याकडे होते व, खरे सांगावयाचे तर, ते आम्ही नाखुशीने करीत असू.

त्या वर्षी एलूल महिन्यात, म्हणजे आमच्या नूतन वर्षाच्या आधी, यरुशलेमहून एक पंडित मुंबईस आले. त्यांची चार व्याख्याने ठरली : इंग्रजीत, दुसऱ्या एका सभागृहात, आणि तीही रविवारी पाच वाजताच. आमचे सर्व सोबती तिकडे निघाले. आम्ही आजीस विचारले, “तूही चल ना!”

आजी म्हणाली, “त्यांच्या दारी मी जायची नाही.”

यास कारण होते. तिचा धाकटा भाऊ इस्राएल देशी गेला होता. १९६२ साली त्याचा विवाह ठरला, तेव्हा तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी त्याला, तू खरा यहुदी कशावरून, तुझ्या आजीपणजींची वंशावळ दाखीव, असे विचारले होते. ज्यांनी शास्त्राविना दीर्घकाळ शनिवार पाळला, त्यांनाच हा प्रश्न! बेने इस्राएलांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ केली, आणि १९६४ साली त्या देशाच्या संसदेने, हे लोक सर्वार्थाने यहुदीच आहेत, असे निःसंदिग्ध ठरविले. ठराव झाला, परंतु आजीच्या मनातील सल गेला नाही.

आम्ही व्याख्यानास गेलो. काय ते वक्तृत्व! जागोजागी हशा, जागोजागी ग्रंथांतील आधार. आम्ही तर भारावून गेलो. रात्री घरी आलो तो आजी दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली. अंगावर ठेवणीतले पातळ, मांडीवर प्रार्थनेचे पुस्तक. ती पाच वाजल्यापासून तशीच बसली होती; कोणी तरी नेईल अशी तिला आशा होती. रागाचा एक शब्दही न काढता तिने विचारले, “काय सांगितलं रे त्यांनी?”

आम्ही तोंड उघडले, आणि आमच्या ध्यानात आले की आम्हांस दोन विनोदांपलीकडे काहीच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही हझानांकडे गेलो. काल का आला नाहीत, असे ते विचारतील या भीतीने आम्ही आधीच सर्व कबूल केले. ते रागावले तर नाहीतच, उलट खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “मला तरुणपणी यरुशलेमला जाऊन शिकायचं होतं, ते जमलं नाही. सांगा पाहू, काय म्हणाले पंडित?” विषय कोणता? पश्चात्ताप. आरंभ कशाने केला? मग पुढे काय? असे एकेक विचारीत त्यांनी आमच्याकडून ते व्याख्यान विहिरीतून पोहरा ओढावा तसे वर काढिले. शेवटी आम्हांस आठवले : मनुष्याने देवाचा अपराध केला तर योम किप्पुरचा दिवस तो धुऊन टाकितो, परंतु मनुष्याने मनुष्याचा अपराध केला, तर त्या मनुष्याची समजूत काढल्याशिवाय त्या दिवसाचाही उपयोग होत नाही. हझानांनी मिश्ना उघडून ते वचन कोठे आहे ते दाखविले, आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. आम्हांस दाराजवळची ती खुर्ची आठवली व मान खाली गेली.

“आता यापुढे आम्ही कोणाच्या व्याख्यानास यावे?” आम्ही विचारले. त्यावर त्यांनी तालमुदातील एक कथा सांगितली. रब्बी अबाहू व रब्बी हिय्या बार अब्बा एकाच गावी आले. एकाने रसाळ कथा सांगितल्या, दुसऱ्याने कठीण धर्मशास्त्र. सारे लोक कथेस गेले व शास्त्री खिन्न झाला. तेव्हा अबाहूने त्याची समजूत घातली, की एक व्यापारी रत्ने विकतो व दुसरा सुईदोरा. गर्दी कोणाकडे होणार? रोज हिय्या अबाहूस मुक्कामापर्यंत पोहोचवीत असे. त्या दिवशी अबाहू हिय्यास पोहोचवावयास गेला. “यात रत्नं कोणाची नि सुईदोरा कोणाचा, हे मी सांगणार नाही,” हझान हसून म्हणाले. “घरी आजी आहे. तिला विचारा.”

आजीची क्षमा मागितली व ते वचन तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “हे त्या पंडितानं सांगितलं? मग माणूस ज्ञानी आहे खरा. पण हे आधी त्याच्याकडच्या लोकांना सांग म्हणावं!”

पुढच्या रविवारी हझानांनी आपली वेळ कोणास न सांगता-सवरता चारची केली. आजीस तेथे नेऊन, घरी पोहोचवून, आम्ही धावतपळत सभागृह गाठले. मागे उभे राहावे लागले. पण त्या दिवसापासून आम्ही हशा कोठे पिकला हे नव्हे, तर आजीस काय सांगावयाचे हे ध्यानात ठेवून ऐकू लागलो. चारही व्याख्याने आजीने आमच्या तोंडून ऐकिली. मग दारफाळणीचा सण आला. आमच्यात योम किप्पुरला हे जुने नाव आहे. त्या दिवशी आमचे पूर्वज दारे लावून घरात उपास करीत. त्या सायंकाळी आजीने आम्हांस जवळ बोलावून आपल्या भावास पत्र लिहावयास सांगितले. त्यात तिने काय लिहविले ते येथे सांगणे उचित नव्हे. परंतु व्याख्यानाचा सारांश त्यात होता, एवढे सांगतो.

विद्यार्थिमित्रहो, आपला धर्म कोणताही असो, उपदेश ऐकण्याची संधी दवडू नका. उपदेशक दूरचा की जवळचा, त्याची भाषा कोणती, सभागृह भरलेले की रिकामे, हे पाहू नका. घरी जे येऊ शकले नाही त्या माणसास परत येऊन काय सांगता येईल, एवढे पाहा. आणि घरून निघताना दाराजवळच्या खुर्चीवर कोणी वाट पाहत तर बसले नाही ना, हे मात्र आधी पाहून निघा.