सत्तावीस की अठरा?

देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा किती? राष्ट्रीय रेल्वे योजनेत सुमारे 27 टक्के, तर नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जेमतेम 18. देश एकच, काळही जवळपास तोच.

यात अंश फारसा दोषी नाही. रेल्वेत मालाची रेल्वे रिसीट फाटते. वजन, अंतर, भाडं सगळं नोंदलं जातं. घोळ आहे तो छेदात. रस्त्यावरच्या मालाची बेरीज कुणी करतच नाही. ट्रकची संख्या, सरासरी भार आणि वर्षाची धाव यांचा गुणाकार करून टन-किलोमीटर काढले जातात. जुलै 2018 मध्ये केंद्राने ट्रकची भारमर्यादा वाढवली. जादा भराई आधीही चालायचीच, मग सरासरी भार कोणता धरायचा? टोलनाका ट्रक मोजतो, त्यातला माल मोजत नाही. रिकामा परतणाराही तिथे एकच. त्याच वर्षी आलेलं ई-वे बिल मालाच्या किमतीवर बेतलेलं आहे, आणि पन्नास हजारांखालचा बराच माल त्यातून सुटतो.

कोकण रेल्वेची रोरो सेवा तर हिशेबनिसाची परीक्षाच पाहते. 1999 पासून कोलाडला भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढतात आणि वेर्ण्याला उतरतात. चालक वाटेत केबिनमध्येच ताणून देतो. हा माल रेल्वेचा की रस्त्याचा? ट्रकचं स्वतःचं वजनही मालात धरायचं का? उलट, 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला सुटलेली किसान रेल ही पार्सलगाडी. पार्सलचं उत्पन्न प्रवासी खात्याच्या बाजूला पडतं. म्हणजे रुळांवरून गेलेला शेतमालही मालवाहतुकीच्या आकड्यात शोधून सापडत नाही.

प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल, तर देशभराची ही एक टक्केवारी भाषणाला बरी. स्पर्धा तिच्यातून कळत नाही. रेल्वेच्या भराईत निम्म्याच्या आसपास कोळसा आहे. खाणीपासून दूरच्या वीज केंद्रापर्यंत हजारो टन कोळसा रोज न्यायचा, तर ट्रक तिथे प्रतिस्पर्धी नसतोच. तो वाटा जिंकलेला नव्हे, आयता मिळालेला.

खरी झुंज सिमेंटमध्ये दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कारखान्याचं सिमेंट लांब पाठवायचं, तर रेल्वेचं भाडं कागदावर स्वस्त पडतं. पण रेक म्हणजे अडीच ते चार हजार टन एकदम. एवढा माल एका गावच्या व्यापाऱ्याला नको असतो. गुड्स शेडवर हमाली, तिथून गोदामापर्यंत पुन्हा ट्रक, वेळेत रेक रिकामी झाली नाही तर डेमरेज, माल पडून राहिला तर व्हार्फेज. ट्रक थेट दुकानाच्या दारात लागतो. तुलना करायची ती या सगळ्या खर्चाची, नुसत्या भाड्याची नव्हे.

बंदरांचंही तसंच. जेएनपीएला रेल्वेने जाणारे कंटेनर पाचात एकाहूनही कमी. पिपावावला हा वाटा कितीतरी मोठा. म्हणून जेएनपीएला नापास करण्याची घाई नको. तिथला बराच माल मुंबई, पुणे, नाशिक पट्ट्यातला. एवढ्या अंतरासाठी कंटेनर गाडीवर चढवून उतरवणं परवडत नाही. पिपावावचा माल उत्तरेकडे लांब जातो, आणि तिथून 2006 पासून एकावर एक कंटेनर रचलेल्या गाड्या धावताहेत. पाचशे किलोमीटरपलीकडे जाणारा मालच दोन्हीकडे वेगळा काढावा आणि मग वाटा मोजावा. 2030 पर्यंत 45 टक्क्यांचं जे लक्ष्य सांगितलं जातं, त्यातला किती माल ट्रककडून ओढून आणायचा आणि किती कोळशाबरोबर आपोआप येणार, हे तेव्हा निदान विचारता येईल.