खारपाणपट्ट्यातलं मीठ

आमचा दर्यापूर तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीला पाणी लागतं, पण खारं. त्यावर ओलीत केलं तर जमीन चिबडते. म्हणून कपाशी, तूर, मूग पावसाच्या भरवशावर.

अशा मुलखात मी माझ्या दोन लेकरांना ख्रिस्ती विश्वासात वाढवलं. रात्री जेवणाआधी पवित्र शास्त्राचा एक भाग वाचायचा, मग प्रार्थना. माझ्या बापानंही हेच केलं होतं. एका रात्री डोंगरावरच्या प्रवचनातला मिठाचा दाखला आला. धाकटा तेव्हा सातवीत. म्हणाला, "बाबा, मीठ तं आपल्या वावराचं वाटोयं करते. आपून मीठ कायले व्हाचं?"

मी विचारात पडलो. त्याची आईच बोलली, "भाजीत चिमूटभरच लागते रे बापा. मूठभर टाकलं तं कोनी खाईन का?"

लेकरांना विश्वास देतानाही तेवढंच प्रमाण पाळावं, हे मला तेव्हा उमगलं.

आमची मंडळी अलायन्सची. हे मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आलं. आमच्यात तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा होत नाही. आईबाप त्याला देवाला अर्पण करतात, पाळक प्रार्थना करतात. बाप्तिस्मा पुढं, ज्यानं त्यानं समजून-उमजून विश्वास कबूल केल्यावर. बापाचं वावर फेरफारानं लेकाच्या सातबाऱ्यावर चढतं, तसा विश्वास चढत नाही.

मोठीनं अकरावीत आपणहून बाप्तिस्मा मागितला. धाकटा आता पुण्यात नोकरीला आहे. त्यानं अजून विषय काढला नाही. माझी आई ऐंशीच्या पुढं. रोज विचारते, "माहे डोये मिटाच्या आंधी पोराचा बाप्तिस्मा व्हते का नाई रे?"

मी तिला टिळकांच्या घरची गोष्ट सांगतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. नवराबायकोत पाच वर्षांचं अंतर पडलं. पण पुढं टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्याच लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आई म्हणते, "त्याईले वेळ होता, मले कुठी हाय?" यावर माझ्याजवळ उत्तर नसतं.

मागच्या नाताळात पोरगा घरी आला. जेवणाआधी पवित्र शास्त्र त्यानंच काढलं. "कोनता भाग वाचू, बाबा?"

"तुले वाटते तो वाच," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी बाप्तिस्म्याचं काही काढलं नाही.