कोलाहल आणि एक ढोलकी

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात तेथें शांततेची अपेक्षा शहाण्यानें करूं नये. तरीहि परवां सायंकाळीं नातवाच्या खोलींतून असा कांहीं कर्णकटु आक्रोश उठला कीं, आम्ही जपमाळ ठेवून थेट त्याच्या दाराशीं गेलों. "हा बीभत्स प्रकार बंद कर," असें म्हणतांच चिरंजीव शांतपणें म्हणाले, "आजोबा, जो ओरडतो आहे ना, तो तुमच्यासारख्या एका मास्तरांचाच मुलगा!" आमचा राग जागच्या जागीं थिजला. आम्ही खुर्ची ओढून बसलों व सगळी हकीकत ऐकून घेतली.

ती हकीकत ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरची. तेथील कॉलफील्ड ग्रामर या शाळेंत १९७३ च्या सुमारास निक केव्ह, मिक हार्वे व फिल कॅल्व्हर्ट या मुलांचें जमलें. केव्हचे वडील इंग्रजी व गणित शिकवीत. मुलगा ऐन तारुण्यांत असतां ते मोटारीच्या अपघातांत वारले. पुढें ट्रेसी प्यू आणि १९७८ सालीं गिटार वाजविणारा रोलंड हॉवर्ड येऊन मिळाले. १९८० मध्यें ही मंडळी लंडनला गेली व आपल्या मेळ्यास तिनें 'द बर्थडे पार्टी' असें नांव घेतलें. नांव वाढदिवसाच्या मेजवानीचें, वाद्यांतून मात्र स्मशान बोले! हॉवर्डची गिटार किंचाळे, प्यूचे खर्जांतील स्वर जमीन हादरवीत आणि त्यांवर केव्हचा आक्रोश. १९८१ सालीं वटवाघुळांवरचें त्यांचें एक गाणें निघालें. तेव्हांपासून लोक त्यांस 'गॉथिक' म्हणूं लागले, जरी त्या गाण्यांत थट्टेचा अंश बराच होता.

परंतु हा डाव टिकला नाहीं. दारिद्र्य, मद्य आणि मादक द्रव्यें यांनीं मंडळी पोखरली. १९८२ मध्यें दारू पिऊन मोटार हांकल्याबद्दल प्यूला तुरुंग घडला. त्याच वर्षीं कॅल्व्हर्ट गेला, मेळा बर्लिनला हलला आणि ढोल वाजविण्याचें काम हार्वेनेंच शिरावर घेतलें. १९८३ मध्यें सारेंच संपलें. प्यू १९८६ सालीं अपस्माराच्या झटक्यानें अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं गेला. हॉवर्ड २००९ सालीं यकृताच्या कर्करोगानें. केव्ह व हार्वे यांनीं मात्र नवा मेळा उभारला, आणि २०१७ सालीं त्याच केव्हला त्याच्या देशानें मानाचें पदक दिलें.

व्यसनांचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. भरतमुनींनीं रौद्र, भयानक आणि बीभत्स यांस शृंगाराच्याच पंक्तीला बसविलें आहे. आम्हीं उभ्या हयातींत तीं नांवें मुलांकडून घोकून घेतलीं. पण त्यांतला एखादा रस खरोखरीच वर्गांत शिरला तेव्हां काय केलें?

पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. नववींतलीं तीन मुलें मधल्या सुट्टींत भुताखेतांचीं स्वतः रचलेलीं गाणीं म्हणत. एक ढोलकी वाजवी, दोघें बाकें बडवीत. आम्हीं ढोलकी हिसकावून कपाटांत कोंडली. "वर्ष संपल्यावर घेऊन जा," म्हटलें. तो मुलगा न्यायला आला नाहीं. आणि त्यानंतर त्याला कधीं ताल धरतांनाहि आम्हीं पाहिलें नाहीं. शिस्त राखली, याचेंच आम्हांस तेव्हां समाधान वाटलें. निवृत्तीच्या दिवशीं कपाट रिकामें करतांना ती हातीं लागली. टाकवेना, म्हणून घरीं आणून माळ्यावर ठेवली.

त्या परक्या मुलांचा मेळा तीन वर्षें चालला; तेवढ्यांत त्यांस आपल्या मनांतलें ओरडून तरी टाकतां आलें. आमच्या त्या तिघांस आम्हीं तीन महिनेहि दिले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं नातवाला माळ्यावर चढविलें. ढोलकीची पुडी उंदरांनीं कुरतडली होती. ती नवी बसविण्यास दिली आहे. मुलगा आतां पन्नाशीच्या घरांतला गृहस्थ असेल. त्याचा पत्ता एका जुन्या विद्यार्थ्याकडून मिळाला आहे. ढोलकी त्याला परत देण्यास आम्ही स्वतःच जाणार आहों. तो काय म्हणेल, कोण जाणे. पण सायंकाळीं त्या खोलींतून पुन्हा आक्रोश उठला, तर तूर्त आम्ही जपमाळ घेऊन ओसरीवर जाऊन बसतों.