तुळजापूरची रात्र आणि बॅटरीचा हिशेब

घरात इन्व्हर्टर असला की आपण किती निर्धास्त असतो! वीज गेली तरी पंखा फिरतो, दिवा लागतो, अन् हिशेब कुणी विचारत नाही. पण तोच इन्व्हर्टर गाडीत बसवून चार दिवस फिरायला निघणार असाल, तर हिशेब आधी करा. मी केला नव्हता, म्हणून सांगते.

आमच्या धाकट्या भाऊजींनी जुनी मोठी व्हॅन घेऊन तिचं चालतंफिरतं घर केलंय. दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी आणि १०० अँपिअर-अवरची बॅटरी. राज्याचं कॅरॅव्हान पर्यटन धोरण २०२१ साली आलं, तेव्हापासून हे खूळ त्यांच्या डोक्यात होतं. दिवाळीच्या सुट्टीत ते म्हणाले, "वहिनी, न्या गाडी." सासूबाईंना तुळजाभवानीची ओटी भरायची होती आणि पुढे नळदुर्ग पाहायचा होता. त्यांचे वडील तिथे नोकरीला होते. लग्न होऊन गाव सुटलं ते पुन्हा जाणं झालं नव्हतं. लॉजचे जिने त्यांना चढवत नाहीत. म्हटलं, व्हॅनच बरी.

सासूबाईंना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री नाकावर मास्क लावून हवा देणारं सीपॅप यंत्र लागतंच. तुळजापुरात पोहोचलो, मुलांनी थोडं कार्टून पाहिलं, मी मिक्सरवर चटणी वाटली, यंत्र लावलं, डासांसाठी टेबलफॅन लावला आणि झोपलो. पहाटे तीनला इन्व्हर्टर पीं पीं ओरडू लागला अन् सगळंच बंद! उरलेली रात्र आईंना उशीला टेकवून बसवलं. सकाळी देवीपुढे पदर पसरताना त्यांचा हात थरथरत होता. बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "नळदुर्ग राहू दे गं. घरी चला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणित शिकवणारी बाई मी, आणि साधा भागाकार केला नाही!

ह्यांनी तरीही गाडी नळदुर्गकडे वळवली. "मेकॅनिकला दाखवू, मग ठरवू," म्हणाले. रस्ता जेमतेम पस्तीस किलोमीटरचा. गाडी चालली की बॅटरी चार्ज होते खरी, पण तासाभराच्या रस्त्यात रिकामी बॅटरी काही भरत नाही.

गावातल्या बॅटरीवाल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच विचारलं, "ताई, किती वॅट चालवलं?" मला कुठलं माहीत! "वॅटला दहानं भागा, म्हंजी बॅटरीतून किती अँपिअर जातंय ते कळतंय."

"पण बॅटरी बारा व्होल्टची, मग बारानं का नाही?"

"बारानं भागल्यावर इन्व्हर्टर मधल्यामधी खातो ते कोण धरणार?"

घ्या! मग मीच वहीच्या पानावर मांडलं. आईंचं यंत्र, हवा दमट करायला पाणी तापवतं त्यासकट, ६० वॅट. टेबलफॅन ५०. मिळून ११०, म्हणजे ११ अँपिअर. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी आमचा एक अँपिअर खातो. झाले बारा. आठ तासांचे शहाण्णव! बॅटरीवर १०० लिहिलं असलं, तरी तीन वर्षांच्या बॅटरीत तेवढं कुठलं असायला? त्यात शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं तर लवकर मरते. म्हणून १०० लिहिलेलं असलं तरी पन्नासच आपले समजायचे.

मिक्सरला मी उगीच दोष देत होते. ५०० वॅटचा तो, पन्नास अँपिअर ओढतो, पण दोन मिनिटं. दोन अँपिअर-अवरसुद्धा गेले नाहीत. खातं ते रात्रभर मुकाट चालणारं. (१५०० वॅटच्या विजेच्या किटलीचं नाव मात्र काढू नका. दीडशे अँपिअर! चहा गॅसवरच.)

पाणी तापवणं बंद केलं तर यंत्र १५ वॅटवर येत होतं. डॉक्टरांना फोन केला. एक-दोन रात्री चालेल म्हणाले. फॅनऐवजी बॅटरीला थेट जोडायचा बारा व्होल्टचा छोटा पंखा काकांकडेच मिळाला, एक अँपिअरचा. आता यंत्राचे दीड, पंख्याचा एक, इन्व्हर्टरचा एक. आठ तासांचे अठ्ठावीस. आईंना वही दाखवली. चष्मा लावून त्यांनी बेरीज स्वतः तपासली, मग म्हणाल्या, "बरं. किल्ला बघू."

गाडी दुकानाशी चार्जिंगला लावून रिक्षानं किल्ल्यावर गेलो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यानं नळदुर्ग आणि पलीकडचं रणमंडळ जोडलंय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं, त्या धबधब्यांना नर-मादी म्हणतात, आणि महालाच्या खिडकीतून ते पाणी आतून पाहता येतं. बाहेर पाण्याचा पडदा आणि आत आपण कोरडे! आम्ही गेलो तेव्हा पडदा नव्हता. सासूबाई ह्यांच्या हाताला धरून एकेक पायरी उतरल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या आणि भिंतीवर तळवा टेकवून म्हणाल्या, "इथंच आप्पा मला घट्ट धरायचे. फार ओरडावं लागायचं, ऐकू यायचं नाही." उपळी बुरूज आम्ही खालूनच पाहिला.

संध्याकाळी बॅटरी पुरती भरली नव्हती, पण अठ्ठाविसाला पुरेल म्हणाले काका. मुक्काम त्यांच्या दुकानामागच्या अंगणात. तीनला मला आपोआप जाग आली. व्होल्टमीटरवर १२.२ दिसत होतं. यंत्राचा बारीक आवाज चालू होता, आणि आई तोंडावरचा मास्क तिरका करून गाढ झोपल्या होत्या. तेवढा सरळ केला.