गरिगरी, साकुसाकु आणि आजीची चकली

यशवंतपूर हे नाव ऐकून मराठी माणसाला वाटतं, साताऱ्याकडचं एखादं गाव असेल. पण हे आहे बेंगळुरूत. इथून पंढरपूरला थेट रेल्वे जाते, बाजार समितीच्या यार्डात महाराष्ट्रातला कांदा उतरतो आणि शहराकडे जाताना मेट्रोचं पुढचंच स्टेशन 'सँडल सोप फॅक्टरी'. म्हणजे नाकाला कामच काम! माझं लक्ष मात्र इथे राहायला आल्यापासून कानाकडे गेलं, आणि तेही खाण्यामुळे.

आमच्या पीजीच्या गल्लीत एक 'काँडिमेंट्स' आहे. बेंगळुरूत चकली-चिवड्याच्या दुकानाला असं म्हणतात. इंग्रजीत बी.ए. करूनही मला हे माहीत नव्हतं. सॉस घ्यायला म्हणून मी आत शिरले होते. बरण्यांत चक्कुली, कोडुबळे आणि निप्पट्टू. निप्पट्टू म्हणजे तांदळाच्या पिठाची, शेंगदाणे घातलेली तळलेली तिखट पुरी. दुकानातले काका एक निप्पट्टू मोडून दाखवतात आणि म्हणतात, "तगोळ्ळी, गरिगरियागिदे." घ्या, मस्त कुरकुरीत झालंय. इथे डोसाही गरिगरी असतो आणि कोरी नोटही गरिगरी. आपण नाही का 'करकरीत नोट' म्हणत? तळणाच्या अशा सगळ्या खाऊला मिळून नाव आहे 'कुरुकलु तिंडी'. कन्नड न येणाऱ्यालाही कळेल असं.

माझी रूममेट मंड्याची. जपानी कंपनीत नोकरी मिळावी म्हणून ती जपानी शिकते आहे. आमच्या कपाटावर तिच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. एके दिवशी तिथे नवीन रांग लागली: साकुसाकु, कारिकारी, पारिपारी, शाकिशाकी, पोरिपोरी. मला वाटलं बाळाचे बोबडे बोल! तिने समजावलं. टेम्पुराचं हलकं आवरण दाताखाली भुगा होतं ते साकुसाकु. कडक, कोरडं, टणक तळलेलं ते कारिकारी. नोरीच्या भाजलेल्या कागदासारख्या पातळ पानाचं पारिपारी. ताजा कोबी शाकिशाकी आणि काकडीचं लोणचं चावताना पोरिपोरी. जपानी संशोधकांनी पदार्थ तोंडात कसा लागतो हे सांगणारे ४४५ शब्द गोळा केले आहेत. त्यात असे आवाजाचे शब्द खूप.

मी जरा खट्टू झाले. मग वाटलं, थांबा, आपल्याकडे काय कमी आहे? शाळेत अभ्यस्त शब्द पाठ केले होते, किरकिर, गुणगुण, रिमझिम. खाण्याचे शब्द मात्र कुणी पाठ करून घेतले नव्हते, ते आपोआप आले. शेव कुरकुरीत, पण करंजी खुसखुशीत. करंजीला कुणी कुरकुरीत म्हटलं तर आमच्या घरी तो टोमणा समजतात, म्हणजे मोहन कमी पडलं! गरम तुपाचं मोहन पिठाच्या कणांना लेपतं, मग पिठात चिवट धागे नीट तयार होत नाहीत आणि पारी दातांशी भांडत नाही. लोणच्याची कैरी करकरीत हवी. चुरमुऱ्यांच्या तर नावातच आवाज भरलाय. आणि गंमत पाहा, 'खुसखुशीत' आणि 'साकुसाकु' दोन्हींत स आणि क-ख यांचीच जोडी. जपान कुठे, सोलापूर कुठे!

पण हे सगळं आठवायला मला अख्खी संध्याकाळ लागली. कारण ऑफिसात मी दिवसभर 'क्रिस्पी' लिहिते. वेफर्स क्रिस्पी, डोसा क्रिस्पी, भेंडीसुद्धा क्रिस्पी. गेल्या पावसाळ्यात हवाबंद डब्यांच्या जाहिरातीत मी लिहिलं होतं, 'पावसातही चिवडा सादळणार नाही.' मजकूर परत आला. सादळणे हा शब्द तरुणांना कळत नाही म्हणे. छापलं गेलं, 'चिवडा राहील क्रिस्पी!' मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर तो शब्द माझ्याही तोंडात कित्येक वर्षांनी आला होता.

रूममेटला हे सांगितलं तर ती म्हणाली, "जपानीत त्याला 'शिकेरु' म्हणतात." ओल धरून बिस्किट, भाजलेली नोरी मऊ पडली की शिकेरु. कन्नडमध्ये तिने सुचवलं 'मेत्तगागिदे', पण ते नुसतं मऊ झालं. इंग्रजीत सॉगी म्हणजे भिजलेलं आणि स्टेल म्हणजे शिळं. सादळलेला चिवडा ना भिजलेला असतो, ना शिळा. नेमका शब्द आम्हा दोघींकडे मिळून दोनच भाषांत सापडला.

मग आम्ही परीक्षाच घेतली. गच्चीवर काकांचे निप्पट्टू, चक्कुली आणि सोलापूरहून आलेला आजीचा फराळाचा डबा. आजीला फोन लावून स्पीकरवर ठेवलं. आजीला आता कवळी आहे, ती चकली दुधात बुडवून खाते. पण तिला आवाज ऐकायचा होता. हे वेड नाही बरं का. २००४ मध्ये झाम्पिनी आणि स्पेन्स या संशोधकांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स खायला दिले होते. चावण्याचा आवाज वाढवला की तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. त्याबद्दल त्यांना २००८ साली गमतीचं 'इग नोबेल'ही मिळालं.

निप्पट्टू मोडलं. आजी म्हणाली, "जाड दिसतंय. तांदळाचं का?" बरोबर! रूममेटने चिठ्ठी दाखवली, कारिकारी. शंकरपाळं चावलं. आजी लगेच, "हे माझं. खुसखुशीत झालंय." साकुसाकु! मग मी आजीची चकली घेतली, फोनजवळ धरली आणि चावली.

पलीकडे क्षणभर शांतता.

"सादळली गं," आजी म्हणाली. "झाकण नीट लावलं नाहीस ना? कोरड्या कढईत मंद आचेवर जरा गरम कर. आणि गार झाल्यावर परत फोन लाव."