घाटावरचे वारस

मॉरिशसला गेलेली बहुतेक मराठी मंडळी समुद्रकिनाऱ्यावरच रमतात. पोर्ट लुई शहराच्या वाट्याला येते ती थोडीफार खरेदी. त्याच शहरात बंदराला लागून काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेला मजूर त्या चढून डेपोत शिरायचा. हाच आप्रवासी घाट.

ब्रिटिशांनी १८३५ मध्ये बेटावरची गुलामगिरी संपवली. उसाच्या मळ्यांना मात्र माणसं हवीच होती. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अॅटलास’ जहाजातून ३६ मजूर आले होते. पुढे साडेचार लाखांहून अधिक लोक आले. बहुतेक बिहारकडचे, पण मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरीकडचेही. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दप्तरं आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची आणि वर एक नंबर. १८६० च्या दशकापासूनचे फोटोही आहेत. कारकुनाने हे सगळं लिहिलं ते पळून गेलेला मजूर हुडकून काढता यावा म्हणून, कुणाच्या नातवंडांसाठी नव्हे. तरी आज पणजोबांचा नंबर सापडला की घरात आनंद होतो. साहजिकच आहे. ज्या कागदाने माणसाला मळ्याशी बांधलं, त्याच कागदाने घराण्याला गाव परत दिलं.

घाटाजवळच्या जुन्या लष्करी इस्पितळात २०२३ पासून गुलामगिरीचं संग्रहालय आहे. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्यांची नावं मालकांनीच बदलून टाकली. त्यांच्या वंशजांना कुठल्या दप्तरात गाव शोधायचं? गुलाम सुटले तेव्हा सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली, तीही मालकांना. त्या मालकांचे वारसही बेटावरच राहतात. गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींचा हिशेब मांडायला नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११ मध्ये अहवाल दिला, पण घरोघरच्या भावना अहवालाने थोड्याच मिटतात!

मराठी प्रवाशाला घाटावर अभिमान वाटेल, तो खुशाल वाटू द्यावा. पण तिथून थेट हॉटेल गाठू नये. संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथेही तासभर काढावा.